मोतीबाईची पितळी थाळी

शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

माझ्या कांदाभज्यांचा आज सायंकाळी सहा वाजून बावन्न मिनिटांनी अंत झाला. ती गरम होती, कुरकुरीत होती आणि पूर्णपणे निष्पाप होती. मागे शोक करायला मी एकटीच.

आरोपी वरच्या मजल्यावर राहते. नाव राजाबाई झिराडकर, वय चौऱ्याऐंशी, हत्यार काठी. जमिनीवर तीन ठोके पडले की यशोधराने आपल्या हातातलं आयुष्य खाली ठेवून वर जायचं. दर शुक्रवारी, दिवेलागणीला. का? तर राजामावशी बेने इस्रायल – अलिबागकडचे आपले मराठी यहुदी. सूर्य बुडाला की शब्बाथ लागतो आणि मग विजेच्या बटणाला हात लावायचा नाही. ठीक. पण दुसऱ्याला ‘लाव’ असंही सांगायचं नाही! म्हणजे सगळा कारभार इशाऱ्यांवर.

“अगो यशोधरा, आज वारं पडलंय, नाही?” – म्हणजे पंखा.

“भिंतीवर पाल आहेशी वाटते.” – म्हणजे ट्यूबलाइट.

गेल्या वर्षी मावशींचे दोन्ही डोळे गेले. आंधळ्या माणसाला ट्यूबलाइट कशाला, असं मी एकदा विचारलंच. म्हणाल्या, “मला नको गं. घराला लागते.”

आठवडाभर गावातल्या नगरसेवकांना टाचणी टोचणारी बाई, शुक्रवारी मुकाट्याने पाल शोधते.

निघताना म्हणाल्या, “सण जवळ आले. रविवारी ये. वडिलांची वही वाचून दाखव.”

खाली आले. भजी गार. चटणीने तोंडावर साय धरलेली. खाल्ली तरी. शोकसभा बरखास्त.

रविवार, ७ सप्टेंबर

वही म्हणजे खाकी कागदाचं बाड. मावशींचे वडील कीर्तनकार होते. यहुदी कीर्तनकार! धोतर, झांजा, मराठी आख्यान – आणि आख्यानात त्यांच्या हिब्रू शास्त्रातल्या गोष्टी. मला हे माहीतच नव्हतं. एकाच जिन्याने वीस वर्षं चढतेय.

मी आधीच सांगून टाकलं, “मावशी, आमच्या आजोबांनी छप्पन साली घरातले देव फडक्यात बांधून नदीत सोडले. देवाने वाचवलं वगैरे मी वाचेन, पण मान डोलावणार नाही.”

“मला कुठे दिसतंय तू काय डोलावतेस ते,” म्हणाल्या.

आज हागारची गोष्ट. मालकिणीने घराबाहेर काढलेली दासी. कडेला पोर. रानात पाणी संपलं. तिने पोराला झुडपाखाली ठेवलं आणि स्वतः लांब जाऊन बसली – बाण जाईल इतकी लांब. का, तर त्याला मरताना बघायला लागू नये. मग देवाने पोराचं रडणं ऐकलं आणि तिला विहीर दाखवली.

“काय केलंन देवाने?” मावशींनी परीक्षाच घेतली.

“विहीर दिली.”

“नाही. नीट वाच. विहीर होतीच. तिचे डोळे उघडले.” मग म्हणाल्या, “वडील सांगत, हिब्रूत दयेचा जो शब्द, तो आईच्या कुशीच्या शब्दातून निघतो. जिथे दुखतं तिथूनच दया येते. म्हणून ती फुकट मिळत नाही.”

मी म्हटलं, डोळे उघडायचं काम आमच्याकडे मोतीबिंदूच्या शिबिरातही होतं. हसल्या. चांगल्या हसतात.

खाली आल्यावर मात्र ती बाई डोक्यातून जाईना. पोराच्या बाजूची नाही – लांब जाऊन बसलेली. बघायला लागू नये म्हणून.

मीही बसले आहे. सहा वर्षं झाली. स्टेशनच्या पूर्वेला मोतीबाई सुकट विकायची, त्या बाजूने मी उतरत नाही. पुलाच्या दुसऱ्या टोकाने उतरते आणि अर्धा किलोमीटर उलटं चालते. डॉक्टरला सांगते, व्यायाम.

मंगळवार, ९ सप्टेंबर

सहाला सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू झाला. पिठाच्या डब्यामागे थाळी गुणगुणायला लागली. बारा मिनिटं. रोजच्यासारखी.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आज वारंही पडलं होतं आणि पालही होती. दोन्ही कामं उरकून निघाले तर मावशी म्हणाल्या, “सकाळी तुझ्याकडे काय वाजतं गं?”

“मिक्सर.”

“मिक्सर मला कळतो. ते पितळ आहे. भिंतीला टेकवून ठेवलंयस. पंप लागला की थरथरतं.”

आंधळ्या माणसाच्या डोक्याखाली राहणं हा एक वेगळाच त्रास आहे.

“जुनी परात आहे,” म्हटलं.

“परात नाही. पातळ आहे. थाळी.” आणि वर, “कोणाची?”

कोणाची! “तुझी का” असंसुद्धा विचारलं नाही.

रविवार, १४ सप्टेंबर

आज योनाचं आख्यान, पूर्वार्ध. देवाने सांगितलं, निनवे नगरात जा आणि ओरड – चाळीस दिवसांत तुम्ही बुडणार. हा पठ्ठ्या उलट्या दिशेच्या गलबतात बसून पळाला. वादळ, समुद्र, मासा. माशाच्या पोटात तीन दिवस. मावशींनी वहीतलं पद म्हणून दाखवलं – आवाज फाटका, पण सूर जागेवर. शेवटी माशाने त्याला किनाऱ्यावर ओकून टाकलं.

“वाचवतानाही काय तऱ्हा,” मी म्हटलं.

“वाचवतात तेव्हा स्वच्छच वाचवतात असं नाही,” मावशी म्हणाल्या.

पुढचं पुढच्या रविवारी. पण मला पुढचं आजच सुचायला लागलंय, कारण दारोदार ‘बुडणार’ म्हणून ओरडणारा एक माणूस मलाही माहीत आहे. इतके दिवस या डायरीतही त्याचं नाव लिहिलं नाही. लिहिते.

मधु गायकर. बदलापुरात नदीच्या अंगाला एक आळी आहे, जुनी आगरी घरं, तिथला. पावसाळ्यात नदीचा रंग बदलला की हा पितळी थाळी आणि लाकडी दांडा घेऊन आळीभर पळायचा – “उठा रं! पानी चरतंय!” – चढतंय म्हणजे. माणसं पोरंटोरं घेऊन वरच्या शाळेत जायची. पाणी यायचं नाही. किंवा यायचं ते घोट्यापर्यंत. वर्षातून दोनतीनदा हा तमाशा. मला हे सगळं सांगायची त्याची थोरली बहीण, मोतीबाई – सुकटीचे वाटे लावता लावता. “आमच्या मधुनं काल पुना ताट बरवलंन! सगली आली वरती, न पानी आलंच नाय!” आणि स्वतःच पोट धरून हसायची. थाळी तिचीच होती, लग्नातली.

२०१८च्या ऑगस्टमध्ये मी साप्ताहिकातल्या ‘टाचणी’ या माझ्या सदरात त्याच्यावर लिहिलं. शीर्षक – ‘हवामानभूषण’. त्यातली ओळ मला पाठ आहे, कारण तेव्हा सगळ्या बदलापूरला पाठ होती: ‘मधु आला की नदी येत नाही. तेव्हा पूर टाळायचा असेल तर मधुला जपा.’

पोरं त्याच्या मागे ते ओरडत फिरायला लागली. त्या वर्षी तिथल्या गणपती मंडळाने त्याचा सत्कारच ठेवला. शाल, नारळ आणि नवी कोरी स्टीलची थाळी. प्रमुख पाहुणी मी. तो आला होता – इस्त्रीचा शर्ट घालून. त्याला खरंच वाटलं, सत्कार आहे.

कार्यक्रमानंतर मंडळाच्या मुलांनी मंडपामागे माझ्या हातात एक पिशवी ठेवली. “ताई, तुमची ट्रॉफी!” आत त्याची पितळी थाळी. कधी उचलली कोण जाणे. काठावर ठोक्यांची अक्षरं – मोतीबाई हिस मामाकडून, १९७१. म्हटलं, सोमवारी परत देऊ.

सोमवारी ती भिंतीवर छान दिसली.

सोमवार, १५ सप्टेंबर

मोरिवलीत आमच्या कारखान्याच्या टाइम ऑफिसात बसून दिवसभर लोकांची उशिरा येण्याची कारणं लिहून घेतली. मीही एक दाखल करते – सहा वर्षं उशीर, कारण भीती.

पुढचा जुलै. पहाटे नदी खरोखर आली. पुरुषभर पाणी. त्या आळीत एक मृत्यू. मोतीबाई.

बातमी आमच्याच साप्ताहिकात आली. ‘रहिवाशांना कोणतीही पूर्वसूचना मिळाली नाही.’ मुद्रितं मीच तपासली. ती ओळ दोनदा वाचली, एक स्वल्पविराम घातला आणि पुढे सोडली.

म्हणजे त्याने थाळी वाजवली नाही. थाळी नव्हतीच. स्टीलची खडखडते, वाजत नाही, आळीच्या टोकापर्यंत पोचत नाही. किंवा थाळी नसण्याचंही कारण नसेल, पोरांच्या हसण्याला भिऊन तो घरातच बसला असेल. दोन्हीकडून हिशेब माझ्याच दारात येतो.

त्या दिवशी पितळी थाळी भिंतीवरून काढली. पिठाच्या डब्यामागे ठेवली. तिला बहुतेक तिथे आवडत नाही.

गुरुवार, १८ सप्टेंबर

शेजारच्या शहरात कॅम्प तीनला गेले होते, संपादक प्रमोदकडे. खाली जीन्स शिवायच्या मशिनी, वर आमचं साप्ताहिक – दोघांची घरघर एकाच सुरात. म्हणाला, “ताई, टाचणी बोथट झाली काय? या आठवड्यात कोणी शिवीगाळ केली नाही. सर्क्युलेशन पे असर पडता है!”

म्हटलं, गंजली आहे. आता टोचली तर धनुर्वात होईल.

हसला. लिहून घेतो म्हणाला. लोकांना माझी खरी वाक्यंच विनोदी वाटतात.

रविवार, २१ सप्टेंबर

उत्तरार्ध.

योना शेवटी निनवेत गेला. रस्त्यारस्त्याने ओरडला – चाळीस दिवस! आणि त्या लोकांनी चक्क ऐकलं. राजापासून सगळ्यांनी अंगावर गोणपाट घेतलं, उपास धरला, वाईट वागणं सोडलं. देवाला कळवळा आला. नगर वाचलं.

आणि योना चिडला!

मी वाचता वाचता थांबले. “चिडला कशाला?”

“तोंडावर पडला ना. चाळीस दिवस बोंबलला, झालं काहीच नाही. लोक काय म्हणतील?”

मग तो गावाबाहेर जाऊन रुसून बसला. देवाने त्याच्या डोक्यावर सावलीला वेल वाढवली. दुसऱ्या दिवशी किड्याने वेल खाल्ली. हा वेलीसाठी रडायला लागला. तेव्हा देव म्हणाला – एका वेलीची तुला इतकी माया, जी तू लावलीसुद्धा नाहीस. मग या एवढ्या नगरातली लाखावर माणसं, ज्यांना उजवा हात कुठला नि डावा कुठला एवढंही कळत नाही, आणि त्यांची मुकी जनावरं – त्यांची माया मला येऊ नये?

वहीत पुढे काहीच नाही. कोरं.

“शेवट कुठे आहे?”

“हाच. योना काय बोलला ते लिहिलेलंच नाही. वडील इथे झांजा खाली ठेवत आणि गप्प बसत. लोक वाट बघत. मग एकेक उठून घरी जाई.”

मी मात्र उठले नाही. मला एकदम माझीच ओळ ऐकू आली – मधु आला की नदी येत नाही. मी ती विनोद म्हणून लिहिली होती! इतकी वर्षं पाणी आलं नाही तेव्हा आम्ही हसलो. तो खोटा पडला म्हणून हसलो. पाणी आलं नाही हीच ती दया होती, आणि ती दर वेळी त्या माणसाला तोंडावर पाडून येत होती, हे कुणाला सुचलं नाही. करुणा शब्द मला पाठ आहे. विहारात दर पौर्णिमेला म्हणते. घोकलेल्या शब्दांचं असंच होतं.

सांगून टाकलं मावशींना. सदर, सत्कार, थाळी, मोतीबाई. सगळं. एका दमात, कॅजुअल रजेच्या अर्जासारखं.

मावशींनी वही चाचपून मिटली. “पुढच्या आठवड्यात गुरुवारी आमचा दारफाळणीचा सण. आम्ही दारं लावून घेतो. चोवीस तास उपास, अन्न नाही पाणी नाही, देवाकडे माफी. पण ती फक्त देवाकडची. माणसाचं जे असेल ते आधी त्या माणसाकडे जाऊन मिटवायचं. त्याच्या जागी देव सही करत नाही.”

“मी तुमची नाही, मावशी. मला तुमचे नियम लागू नाहीत.”

“नाहीत ना. मग परत दे आणि ये. नियम नसला की काम पटकन होतं.”

मंगळवार, २३ सप्टेंबर

पंप. थाळी.

चौदा मिनिटं. दोन मिनिटं वाढलीत की मीच मोजायला लागलेय?

रविवार, २८ सप्टेंबर

पावसाचा इशारा फोनवर किंचाळून गेला. नदी फुगलेय म्हणे. म्हटलं, आजच. थाळी जीन्सवाल्याच्या प्लास्टिक पिशवीत घातली, रिक्षा केली.

आळीच्या तोंडाशी आता खांब आहे. वर भोंगा. खाली पाटी – कोणाच्या प्रयत्नातून, कोणाच्या शुभहस्ते, फोटो तीन. भोंग्याला वायर नाही. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी यावर आठशे शब्द लिहिले असते.

मधु ओट्यावर बसलेला. ओळखला नाही आधी, म्हातारा झालाय. सत्तरीचा असेल. नदीकडे तोंड करून. मागून दोन शाळकरी मुली गेल्या, त्यांनी त्याला “आजा, आज पानी येनार?” विचारलं. चिडवायला नाही, खरंच विचारलं. तो म्हणाला, “आज नाय. जा, निजा.”

वीस पावलं होती. फार तर पंचवीस. बाण जाईल इतकी.

रिक्षावाला म्हणाला, “उतरना है क्या, मॅडम?”

मी म्हटलं, “नही. वापस.”

बुधवार, १ ऑक्टोबर

मावशींनी सूर्यास्ताआधी जिन्यातून हाक मारली, “यशोधरा, दार लावतेय गं. माझ्याकडून वर्षभरात काही कमीजास्त झालं असेल तर पोटात घे.”

माझ्याकडे! शुक्रवारी भजी गार करण्याबद्दल चौऱ्याऐंशी वर्षांची बाई माफी मागते.

विचारलं नाही, गेलीस का. दाराची कडी ऐकू आली.

गुरुवार, २ ऑक्टोबर

विजयादशमी. आमचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी पांढरी साडी नेसून विहारात. दुपारी जिना चढताना आठवलं, वर बंद दारामागे मावशीही आज पांढऱ्या साडीत असणार. पाण्याचा थेंब न घेता.

एकाच जिन्यात दोन पांढऱ्या साड्या. एकीला वाटतं, कोणीतरी ऐकतंय. दुसरीला माहीत आहे, ऐकणारं कोणी नाही, तेव्हा बोलायचं ते माणसापाशीच. म्हणजे मला तर पळवाटच नव्हती की!

शब्बाथसारखाच कडक दिवस, तरी काठी वाजली नाही. मला चुकल्यासारखं झालं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आज त्यांचा शिळा सण. उपासाच्या दुसऱ्या दिवशी दारं उघडतात, माणसांकडे जातात. मावशी जिन्यात भिंत धरून उभ्या होत्या. मला पिशवीसकट उतरताना ऐकलं असावं. थाळी माझ्या गुडघ्याला लागून टण्ण झाली. मावशी बाजूला सरकल्या.

आळी. ओटा. या वेळी रिक्षा सोडून दिली – हे माझं या वर्षातलं एकमेव शौर्य.

“मधुदादा,” म्हटलं, “मी यशोधरा. पेपरवाली.”

“बसा की. च्या घेता?”

बसले नाही. पिशवीतून थाळी काढून ओट्यावर ठेवली. त्यांनी बघितलं. हातात घेतली, उलटी केली, अंगठ्याने काठावरची अक्षरं चाचपली. वाचता येत नाही त्यांना. तरी एकेक ठिपका चाचपला.

“कुठं व्हतं?”

“माझ्याकडे. सत्काराच्या दिवसापासून. पोरांनी दिलं, मी ठेवून घेतलं. सात वर्षं.”

“मना वाटलं नदीनंच नेलं.”

इतकंच. राग नाही, काही नाही. तयारी करून नेलेली वाक्यं मी बाजूला ठेवली.

“मधुदादा, त्या दिवशी तुम्ही बाहेर पडलाच नाहीत ना? माझ्या लिहिण्यामुळे?”

ते माझ्याकडे बघतच राहिले. “कोन बोल्लं? ताट नव्हतं म्हून काय झालं? मुठीनं दारां बरवली. यो हात बघा.” उजव्या हाताची दोन बोटं वाकडी, सरळ होत नाहीत. “सत्तावीस घरां. सगली उठली. सगली साळंवर गेली.”

सत्तावीस घरं. आणि मी स्वल्पविराम घातला होता.

“मग मोतीबाई?”

“ती पन गेल्ती वरती. सगल्यांच्या आधी.”

“मग?”

त्यांनी थाळीकडे बघितलं. मग नदीकडे.

“परत आली. बकरी व्हती तिची. बांधलेली. मुकं जनावर… दावं सोराया आली, न पानी चरलं.”

बकरी!

मी तिथेच ओट्यावर बसले. मग चहा घेतला. फार गोड होता. निघताना ते म्हणाले, “यवा परत. नदी काय रोज येत नाय.” आणि हसले – अगदी मोतीबाईसारखे, पोट धरून.

शनिवार, ४ ऑक्टोबर

रात्री छान झोप लागली. सकाळी पंप झाला तेव्हा डब्यामागे सगळं गप्प. पहिल्यांदा.

संध्याकाळी शब्बाथ सुटल्यावर मावशींना सगळं सांगितलं. बकरी ऐकून त्या चमकल्या. “मुकी जनावरं,” म्हणाल्या. “वहीतलं शेवटचं.” मलाही तेच आठवलं होतं. योनाचा देव जे बोलून गप्प झाला ते मोतीबाईने केलं. माझ्यामुळे नाही. तिच्या स्वतःच्या दयेमुळे. गेली सहा वर्षं मी स्वतःला फारच मोठी समजत होते! लेखकांचा हा जुना रोग.

मावशींनी मलिदा केला. गोड पोहे, ओलं खोबरं, वर केळ्याच्या चकत्या. त्यांच्यात कोणी संकटातून सुटलं की एलियाहू नबीच्या नावाने करतात. “कोण सुटलं?” विचारलं. उत्तराऐवजी डबा भरून हातात दिला.

थाळी परत केली म्हटल्यावर मात्र विचारलं, “रिकामीच दिलीस?”

खरंच की. चिमूटभर साखरही ठेवली नाही. आईने बघितलं असतं तर!

रविवार, ५ ऑक्टोबर

आज पुलाच्या पूर्वेच्या टोकाने उतरले. मुद्दाम. मोतीबाईच्या जागी तिची नात जिज्ञासा बसते. फोन बघत सुकटीचे वाटे लावत होती. एक वाटा घेतला. म्हटलं, तुझी आजी माझ्या ओळखीची. बकरीसाठी जीव दिला, मोठ्या मनाची.

“कसली बकरी, आँटी? आजीला बकरीचा वास पन नाय चालायचा.”

“मग परत का गेली होती?”

“ताट आनायला. खालच्या चाळीला मधुआजाचा आवाज पोचत नव्हता ना. ताट हरवलेलं, पन आजाने शरमेने तिला सांगितलं नव्हतं – बोललेला, तुझ्याच माळ्यावर ठेवलंय. ती माळ्यावर शोधत बसली. आजा अजून कोनाला नाय बोलत, फक्त मला बोललेला. आप किसी को बोलना मत.”

थाळी तेव्हा माझ्या भिंतीवर होती.

आणि परवा मधुदादांना हे माहीत होतं. थाळी हातात, मी समोर. नदीकडे बघून त्यांनी एक बकरी आणली.

दुपारी बदलापूरला गेले. मावशींचा डबा होता, तसाच भरलेला. मधुदादांनी थाळी घासून खुंटीला टांगली होती. मी ती काढली, मलिदा तिच्यात ओतला आणि ओट्यावर आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. खाल्ला.

बकरीचा विषय मी काढला नाही.